आधी विचारले होते का?

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या सभेत मी वसतिगृहातील मुलांची प्रगती, शिवणवर्ग आणि फिरता दवाखाना ह्यांचा वृत्तान्त सांगतो. यंदा तो छापून तुमच्या हाती दिला आहे. आज मला माझ्या एका चुकीबद्दल बोलायचे आहे. ती चूक आपल्या त्रैमासिकातच झाली आणि तिच्यातून मी जे शिकलो, त्याचा उद्याच्या समितीच्या बैठकीशी संबंध आहे.

२०२१ सालच्या जून महिन्यात बातमी आली की, कॅनडातून अमेरिकेत तेल नेणारी 'कीस्टोन एक्सएल' ही पाइपलाइन कायमची रद्द झाली. प्रार्थनेचे पान मी लिहितो. मी लगेच दोन ओळी घातल्या की, त्या देशांतील आदिवासी बांधवांनी तेलाची पाइपलाइन थांबवली, त्याबद्दल देवाची उपकारस्तुती करू या. अंक गेला. पुष्कळांनी त्याप्रमाणे प्रार्थनाही केली असेल.

महिन्याभराने कॅल्गरीहून एक पत्र आले. लिहिणारे बंधू मूळचे नगरकडचे. गेली कित्येक वर्षे ते आपल्या दोन मुलींचा वसतिगृहाचा खर्च पाठवतात. त्यांनी लिहिले होते की, पाइपलाइन रद्द झाल्यावर त्यांचे आणि त्यांच्या कचेरीतील अनेकांचे काम गेले. पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ते एवढेच विचारत होते : 'ह्या पाइपलाइनमध्ये इथल्या पाच आदिवासी राष्ट्रांनी स्वतःचा पैसा घालायचे ठरवले होते. ते तुम्ही का छापले नाही? की ते आदिवासी तुमच्या प्रार्थनेत बसत नाहीत?'

बंधुभगिनींनो, मला ते ठाऊकच नव्हते. मी बातमीचा मथळा वाचून प्रार्थना लिहिली होती. त्या पत्राने मला शरम वाटली आणि मी हा विषय नीट वाचायला घेतला.

आधी हकिकत थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात वाळूत मिसळलेले डांबरासारखे जड तेल आहे. त्या प्रांताला समुद्र नाही, त्यामुळे तेल बाहेर न्यायचे तर लांबचा रस्ता हवा. तिथल्या हार्डिस्टी गावापासून अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या स्टील सिटीपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटर लांबीची पाइपलाइन टाकायची आणि रोज ८ लाख ३० हजार बॅरल तेल न्यायचे, अशी योजना कॅल्गरीच्या एका कंपनीने २००८ साली मांडली. देशाची सीमा ओलांडायची म्हणून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा परवाना आवश्यक होता. २०१५ साली ओबामांनी तो नाकारला. २०१७ साली ट्रम्प यांनी दिला. २०१८ साली मोंटाना राज्यातील न्यायालयाने काम थांबवले. २०१९ साली ट्रम्प यांनी नवा परवाना दिला. २० जानेवारी २०२१ रोजी, पदावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, बायडेन यांनी तो रद्द केला. ९ जूनला कंपनीने योजना सोडल्याचे जाहीर केले. तोवर पाइपलाइनचा काही भाग जमिनीखाली गेला होता. अल्बर्टा सरकारने लोकांच्या पैशातून केलेली गुंतवणूक बुडाली. ती रक्कम सुमारे १३० कोटी कॅनेडियन डॉलर होती.

एकाच पाइपलाइनला दोनदा हो आणि दोनदा नाही. सह्या करणारे वॉशिंग्टनमध्ये आणि पाइप जाणार त्यांच्या घरापासून हजारो किलोमीटर दूर. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. पाइपलाइन हवी म्हणणारे सांगत की, तेल तर लोक वापरतातच. पाइपने नाही नेले तर रेल्वेने जाईल. २०१३ साली क्वेबेकमधील लाक-मेगांतिक गावात तेलाची मालगाडी उतारावरून सुटली, रुळांवरून घसरली आणि पेटली, तेव्हा ४७ माणसे मेली. शिवाय बांधकाम चालू असताना हजारोंना काम मिळणार होते.

नको म्हणणारे सांगत की, हे तेल काढायलाच इंधन फार जळते आणि त्याने पृथ्वीचा ताप वाढतो. बांधकाम संपल्यावर पाइपलाइन चालवायला अमेरिकेच्या सरकारी अहवालाप्रमाणे साधारण ५० माणसे पुरणार होती. आणि पाइप फुटतात. ह्याच कंपनीची जुनी कीस्टोन लाइन डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्सस राज्यात फुटली आणि सुमारे १३ हजार बॅरल तेल सांडले. ते एका ओढ्यात गेले.

आता आदिवासी बांधवांकडे येतो. मोंटाना राज्यात मिसुरी नदीच्या काठी फोर्ट पेक नावाचा राखीव प्रदेश आहे. तिथे असिनिबॉइन आणि सू लोक राहतात. पाइपलाइन त्यांच्या हद्दीबाहेरून आखली होती, म्हणून कागदावर त्यांचा संबंध नव्हता. पण ती जिथे नदी ओलांडणार होती, त्याच्या खालच्या अंगाला त्यांच्या पिण्याच्या पाण्याची योजना नदीतून पाणी उचलते. आपल्या डोंगराळ भागात राहिलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही. पाणी वरून खाली येते, ते हद्द बघत नाही.

दक्षिण डकोटातील रोझबड सू लोकांनी आणि मोंटानातील फोर्ट बेल्कनॅपच्या लोकांनी २०१८ साली न्यायालयात दाद मागितली. त्यांचे म्हणणे होते की, पाइपलाइन जिथून जाते ती भूमी जुन्या तहांनी आमची मानली होती आणि आम्हांला नीट विचारलेच नाही. त्यांच्या बायांना आणखी एक भीती होती. बांधकामासाठी शेकडो परके पुरुष छावण्यांत येऊन राहणार, तेव्हा आमच्या लेकींचे काय, असे त्या विचारत होत्या.

ह्यात एक गोष्ट मला फार भावली. नेब्रास्कात एका गोऱ्या शेतकरी जोडप्याचे शेत पाइपलाइनच्या वाटेत होते. त्याच भागातून १८७७ साली पोंका नावाच्या जमातीला सरकारने हाकलून दक्षिणेकडे चालवत नेले होते. वाटेत त्यांची माणसे मेली. पाइपलाइनविरुद्ध एकत्र आल्यावर ह्या शेतकऱ्याने पोंका लोकांना आपल्या शेतात त्यांच्या जुन्या वाणाचा मका पेरायला बोलावले. आणि २०१८ साली नवराबायकोने शेताचा तो तुकडा रीतसर कागद करून पोंका लोकांना परत दिला.

हे सगळे वाचून मला वाटले, चला, माझी प्रार्थना बरोबरच होती. पण कॅल्गरीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिलेच होते.

ती पाच राष्ट्रे म्हणजे अल्बर्टा आणि सस्कॅचवान प्रांतांतील पाच आदिवासी समाज. तिकडे जमातींना राष्ट्र म्हणतात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी एकत्र येऊन ह्या पाइपलाइनमध्ये १०० कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत भागीदारी घेण्याचा करार केला होता. त्यांतले एक अर्माइनस्किन क्री राष्ट्र. ह्या नावापाशी मी थांबलो, कारण ते नाव मी दुसरीकडे ऐकले होते.

कॅनडात शंभरहून अधिक वर्षे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा होत्या. सरकार पैसे देई आणि शाळा चालवत असत चर्चच्या संस्था : कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड चर्च आणि इतर. दीड लाखाहून अधिक मुले त्यांत ठेवली गेली, पुष्कळांना आईबापांपासून तोडून. आपली भाषा बोलले तर मार बसे. हजारो मुले परत आली नाहीत. ह्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली अहवाल दिला. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टातील मास्क्वासिस येथे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. तिथल्या शाळेचे नाव होते अर्माइनस्किन.

ज्यांच्या मुलांबद्दल, जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल शंभर वर्षे दुसऱ्यांनीच ठरवले, त्यांना पाइपलाइनची भागीदारी का हवी होती, हे मला तेव्हा कळले. पैसा तर हवाच होता. घरे, शाळा, दवाखाने कोणाला नकोत? पण मालकाला बैठकीत जागा असते. ज्याला कधीच विचारले गेले नाही, तो माणूस जागा विकत घेऊनही बैठकीत बसायला तयार होतो. मग वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि त्यांच्या हातातला करार निरुपयोगी झाला.

म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचे आदिवासी म्हणत होते, आम्हांला न विचारता बांधू नका. वरच्या अंगाचे आदिवासी म्हणत होते, आमची भागीदारी असताना मोडू नका. आणि मी इथे बसून त्यांतल्या अर्ध्यांसाठी देवाचे आभार मानत होतो.

आता तुम्ही विचाराल, मग ह्यातून मार्ग काय? ज्यांच्या भूमीतून जायचे त्यांना खरोखर विचारले, असे कधी झाले आहे का? झाले आहे. ही गोष्ट त्याच कॅनडातली, पण पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर आणि मॅकेन्झी नदीच्या मुखाशी नैसर्गिक वायू सापडला होता. तो नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे, पुढे अमेरिकेपर्यंत नेण्याची प्रचंड योजना निघाली. १९७४ साली सरकारने न्यायमूर्ती टॉमस बर्जर ह्यांना चौकशीसाठी नेमले. बर्जर साहेबांनी मोठ्या शहरात कचेरी मांडून लोकांना बोलावले नाही. ते स्वतः लहान विमानाने ३५ वस्त्यांत गेले. समाजमंदिरात, शाळेत, कोळ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या तळांवर बसले. ज्याला बोलायचे आहे तो बोलेपर्यंत उठायचे नाही, असा त्यांचा नेम होता. सुमारे हजार लोक बोलले, आपापल्या भाषेत. दिवसभराची सुनावणी रेडिओवर आदिवासी भाषांतून सांगितली जाई. आदिवासी संघटनांना स्वतःचे वकील व जाणकार नेमता यावेत म्हणून पैसेही दिले गेले, कारण कंपनीकडे डझनभर तज्ज्ञ आणि समोर एकटा शिकारी, ह्याला विचारणे म्हणत नाहीत.

१९७७ साली त्यांनी अहवाल दिला. उत्तर युकॉनमधून पाइपलाइन कधीच नको, कारण तिथे कॅरिबू हरणांचे कळप विणीला येतात आणि ग्विचिन लोकांचे जगणे त्यांच्यावर आहे. मॅकेन्झी खोऱ्यात मात्र दहा वर्षे थांबा आणि आधी तिथल्या लोकांचे जमिनीचे हक्क ठरवा. ती योजना तिथेच थांबली.

ह्या कामात तिथल्या चर्चनीही हात लावला. अँग्लिकन, रोमन कॅथलिक आणि युनायटेड चर्च ह्यांनी १९७५ साली 'प्रोजेक्ट नॉर्थ' नावाने एकत्र येऊन, जमिनीचे दावे मिटेपर्यंत पाइपलाइन थांबवावी असा आग्रह धरला. लक्षात घ्या, ज्यांनी निवासी शाळा चालवल्या होत्या, त्यांतलीच ही चर्च. एकाच घरातून दोन्ही गोष्टी घडू शकतात.

पण गोष्टीचा पुढचा भाग ऐका. पुढच्या वर्षांत तिथल्या अनेक लोकांचे जमिनीचे करार झाले. १९८४ साली इनुव्हियालुईत लोकांचा, १९९२ साली ग्विचिन लोकांचा, १९९३ साली साहतू लोकांचा. त्यानंतर २००० साली त्याच खोऱ्यातील आदिवासींनी स्वतःचा गट काढला आणि नव्या वायू-पाइपलाइनमध्ये एक तृतीयांश भागीदारीची बोलणी केली. काही समाज तेव्हाही बाजूला राहिले. पण ज्यांचा 'नाही' मानला गेला होता, त्यांच्यातलेच अनेक जण पंचवीस वर्षांनी 'हो' म्हणाले, कारण आता जमीन त्यांची आहे हे कागदावर आले होते. ती पाइपलाइनही शेवटी झाली नाही. वायूचे भाव पडले आणि २०१७ साली कंपन्यांनीच नाद सोडला. ते असो. मला महत्त्वाचे हे वाटले की, त्या लोकांचे वैर लोखंडाच्या पाइपाशी नव्हतेच.

बंधुभगिनींनो, नाबोथाचा द्राक्षमळा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय. रविवारच्या शाळेत आपण अहाबाला आणि ईजबेलीला नावे ठेवतो. ह्या वेळी मी तो अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. अहाबाने आधी विचारले होते. आणि सौदाही वाईट नव्हता. बदल्यात चांगला मळा घे, नाहीतर पैसे घे, असे तो म्हणाला होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला आणि राजा घरी येऊन तोंड फिरवून निजला, जेवेना. अहाबाचे पाप विचारण्यात नव्हते. 'नाही' ऐकायची त्याची तयारी नव्हती. पुढचा सगळा रक्तपात तिथून सुरू झाला.

सू लोकांच्या इतिहासात असाच एक नाबोथ आहे. दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्स हे डोंगर १८६८ च्या तहाने त्यांचे होते. सोने सापडल्यावर सरकारने ते घेतले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई देण्याजोगी गोष्ट आहे असे मानले आणि व्याजासकट १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली. सू लोकांनी ती घेतली नाही. पैसे खात्यात पडून वाढत राहिले, ते आता १०० कोटींच्या पुढे गेले आहेत. सू लोक गरीब आहेत, तरी ते म्हणतात डोंगर द्या. ज्यांना वाटते की आदिवासींचा नकार म्हणजे भाव वाढवण्याची युक्ती, त्यांनी ह्या खात्याकडे बघावे.

आता मी आपल्या घरी येतो.

अठरा वर्षांपूर्वी सुरगाण्याच्या बाजूच्या आपल्या वसतिगृहात पाण्याचे फार हाल होते. मुली डोक्यावरून हंडे आणत. वरच्या डोंगरात एक झरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. आपण वर्गणी काढली आणि झऱ्यापासून वसतिगृहापर्यंत दीड इंची पाइप टाकला. टाकी बांधली. टाकीवर दात्यांची नावे लिहिली. उद्घाटनाला प्रार्थना झाली, गाणी झाली. त्या त्रैमासिकात त्याचा फोटो आहे. त्यात कोट घालून उभा असलेला मीच.

त्या झऱ्याच्या खाली एक पाडा होता. दहाबारा घरे. पावसाळ्यानंतर झऱ्याचे पाणी ओहोळाने त्यांच्याकडे जात असे. त्यावर त्यांची गुरे पीत, थोडी भाजी होई. आम्ही पाइप टाकला त्या वर्षी मार्चमध्येच त्यांचा ओहोळ सुकला. कोणी भांडायला आले नाही. कोणी पाइप तोडला नाही. एक दिवस एक म्हातारी वसतिगृहाच्या ओट्यावर येऊन बसली. तिकडच्या बोलीत लहानमोठ्याला अहोजाहो नसते, सगळ्यांना अरेतुरेच. ती मला म्हणाली, 'पोरींना पाणी पायजे, ते आम्हांला नको का कळत? आमच्याच पोरी आहेत त्या. तू विचारलं असतं तर आम्ही हो म्हणलो असतो. रात्री तुम्ही घ्या, दिवसा आम्हांला सोडा, असं म्हणलो असतो. पण तू विचारलंच नाही.'

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवसा पाणी सोडू लागलो. टाकी रात्रीत भरत असे. म्हणजे तिने सांगितलेली तोड आमच्या सगळ्या योजनेपेक्षा शहाणपणाची होती, आणि ती फुकट मिळाली असती. आजी आता नाहीत. पण ती टाकी दिसली की मला दात्यांची नावे वाचवत नाहीत, तिचेच बोलणे आठवते.

माझ्या दीड इंची पाइपाची गोष्ट आणि त्या १,९०० किलोमीटर पाइपाची गोष्ट एकच आहे. हेतू चांगला होता का, हा दोन्हीकडे दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आधी विचारले होते का, आणि नकार मिळाला तर परत फिरायची तयारी होती का?

आपल्या देशात ह्यासाठी कायदा आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की, अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा. २०१३ साली ओडिशातील नियमगिरी डोंगरातल्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला. मोकळेपणाने, आधी, आणि सगळी माहिती देऊन संमती घ्यावी, असे तो सांगतो. कॅनडा आणि अमेरिका तेव्हा विरोधात गेले आणि पुढे त्यांनी तो मान्य केला. भारताने सुरुवातीलाच बाजूने मत दिले. ज्या गोष्टीला आपल्या देशाने हात वर केला, ती आपल्या संस्थेने पाळायला नको का?

आता उद्याची बैठक. तुम्हांला ठाऊक आहे की, मुलींच्या नव्या वसतिगृहासाठी एका दात्यांनी मोठी देणगी देऊ केली आहे. पावसाळ्यापूर्वी पाया घातला जावा, एवढीच त्यांची अट. जागा आपली आहे, कागद आपल्याजवळ आहेत. पण पाणी वरच्या ओहोळातून आणायचे आहे आणि येण्याजाण्याचा रस्ता तीन पाड्यांच्या गुरांच्या वाटेवरून जाणार आहे. कायद्याने आपल्याला कोणी अडवणार नाही. माझी समितीला विनंती आहे की, आधी त्या तीन पाड्यांत जावे, नकाशा घेऊन, त्यांच्या वेळेला, नागलीची कामे उरकल्यावर. बायांनाही बोलू द्यावे. पाणी किती नेणार आणि उन्हाळ्यात किती उरेल, हे खरे सांगावे. आणि ते 'नाही' म्हणाले, तर तो नकार आपण लिहून घ्यावा आणि दुसरी जागा शोधावी.

ह्यात धोका आहे, हे मी लपवत नाही. पावसाळा निघून जाईल. देणगी कदाचित दुसरीकडे जाईल. तीस मुलींची सोय आणखी एक वर्ष लांबेल, आणि त्या तीस मुलींची नावे माझ्या वहीत आहेत. त्यांच्या आईबापांना तोंड मलाच दाखवायचे आहे. तरीसुद्धा मी हे मागतो आहे. आपली वसतिगृहे कॅनडातल्या त्या शाळांसारखी नाहीत, आपल्या मुली स्वखुशीने येतात, सुट्टीला घरी जातात, आपल्या भाषेत भांडतात आणि गातात. पण त्या शाळा काढणाऱ्यांनाही आपण भलेच करतो आहोत असे वाटत होते. भले करणाऱ्याने तर दुप्पट विचारावे.

तुमच्याकडे, म्हणजे ह्या कामाला हात देणाऱ्या मंडळीकडे, माझे दोन मागणे आहे. एक, देणगी देताना कामाची तारीख अडवू नका. विचारायला वेळ लागतो, तो वेळ तुमच्या दानाचा भाग समजा. दुसरे, आपल्या भेटीला येता तेव्हा मुलांना खाऊ वाटता, फोटो काढता, ते चांगलेच आहे. पण पाड्यात जाऊन एखाद्या आजीजवळ बसा आणि तिला विचारा की, आमचे काम तुम्हांला कसे वाटते? उत्तर येईपर्यंत उठू नका.

कॅल्गरीच्या बंधूंना मी पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांना दुसरे काम मिळायला वर्ष लागले. त्या वर्षातही दोन मुलींचे पैसे वेळेवर येत राहिले, हे मी त्यांच्या परवानगीने सांगतो.

पुढच्या अंकातील प्रार्थनेच्या पानावर मी नवी विनंती घातली आहे. मिसुरीकाठच्या सू आणि असिनिबॉइन बांधवांसाठी, अल्बर्टातील क्री बांधवांसाठी, ज्यांचे काम गेले त्यांच्या घरांसाठी आणि आपल्या तीन पाड्यांसाठी. आपल्याला विचारण्याची नम्रता मिळावी आणि उत्तर ऐकण्याचे धैर्य मिळावे, म्हणून कृपा करून प्रार्थना करा.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.